संघ दरवर्षी का हरतो, ते आधी वहीत शोधा

माझा मुलगा नोकरीसाठी मेलबर्नला असतो आणि तिथल्या एसेंडन या ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉल क्लबवर जीव टाकतो. दर मार्चला हंगाम सुरू झाला की त्याचा फोन येतो, "दादा, यंदा संघ चांगलाय." ऑगस्ट उजाडेपर्यंत तो त्या संघाचं नाव काढायचं बंद करतो. मला त्याचं दुःख लगेच कळतं. मी बीड जिल्ह्यात ३१ वर्षं शाळेत खेळ शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर बालाघाटाच्या कुशीतल्या आमच्या गावात मुलींचा खो-खोचा संघ बांधला. आमच्या मुली तालुका जिंकायच्या आणि जिल्ह्याला उपांत्य सामन्यात हरायच्या. सलग सहा वर्षं हेच. दरवर्षी कारण नवं सांगितलं जायचं, निकाल मात्र तोच.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी मुलाकडं गेलो. २५ एप्रिलला तिथं एसेंडन आणि कॉलिंगवूड यांचा मोठा सामना असतो, १९९५ पासून, एक २०२० सोडलं तर दरवर्षी. नव्वद हजारांवर माणूस मैदानात. त्या वर्षीचा सामना बरोबरीत सुटला, आणि मुलगा हरल्यासारखा गप्प बसला. त्या बैठकीत त्यानं मला हा खेळ समजावला. अंडाकृती मैदान, एका बाजूला १८ खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. चेंडू फेकायचा नाही, मुठीनं ठोसून द्यायचा. खेळ मला आवडला. पण जास्त मन लागलं ते एका प्रश्नात: इतका पैसा, इतकी माणसं, इतकी वर्षं, तरी हा क्लब वर का येत नाही? तिथं जे शिकलो आणि इथं येऊन जे करून पाहिलं, ते अशा लोकांसाठी लिहितोय ज्यांच्या पदरात असाच एखादा संघ आहे. खो-खो असो, कबड्डी असो, व्हॉलीबॉल असो.

पहिली गोष्ट, "आपल्या पोरांत दमच नाही" हे उत्तर बाजूला ठेवा. सगळ्यात आधी हेच सुचतं आणि सगळ्यात जास्त फसवतं तेही हेच. ऑस्ट्रेलियात १९८६ पासून नियम आहे की नवे खेळाडू वाटताना जो संघ तळाला राहिला त्याला पहिली निवड मिळते. पगारावरही मर्यादा आहे, म्हणजे श्रीमंत क्लबाला सगळे चांगले खेळाडू विकत घेता येत नाहीत. दुबळ्याला वर येता यावं म्हणून सगळी व्यवस्था. कार्लटन या क्लबाला २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन वर्षं पहिली निवड मिळाली. तरी त्यांचं शेवटचं अजिंक्यपद १९९५ चं आहे, आणि नंतरही २०१५ व २०१८ ला ते तळालाच गेले. देशातली सगळ्यात गुणी पोरं सलग तीन वर्षं दारात येऊनही संघ तिथंच राहत असेल, तर गोम पोरांत नाही. ती पोरं ज्या घरात येतात त्या घरात आहे.

आपल्याकडंही तेच. मराठवाड्यात पळणाऱ्या मुलींची वाण नाही. धाराशिवच्या सारिका काळेनं भारताचं नेतृत्व केलं आणि २०२० साली अर्जुन पुरस्कार घेतला. हीच माती, हाच दुष्काळ, हेच ऊन. त्यामुळं मुलींकडं बोट दाखवण्याआधी आपण काय करतो ते बघायचं.

आता वही. साधी दोनशे पानी घ्या, मोबाईलमध्ये नको. मोबाईलमधलं कुणी परत वाचत नाही. गेल्या तीन वर्षांतले जेवढे सामने आठवतात, गुणपत्रिका सापडतात, तेवढे लिहा. हरलेले आणि जिंकलेले दोन्ही. नुसता निकाल लिहून उपयोग नाही. गुण कधी गेले ते लिहायचं. मेलबर्नला प्रत्येक सामन्याचे गुण पाव-पाव भागानं छापतात, त्यामुळं संघ कुठल्या टप्प्यावर ढेपाळला ते कागदावर दिसतं. खो-खोत तर हे अजून सोपं. नऊ मिनिटांचा डाव, तीन-तीन जणींच्या तुकड्या, आणि प्रत्येक मुलीनं किती मिनिटं संरक्षण केलं ते गुणलेखक लिहूनच ठेवतो. ती पत्रिका सामना संपल्यावर मागून घ्या, नाहीतर फोटो काढा. आम्ही सहा वर्षं ती टेबलावरच टाकून येत होतो.

मी वही लिहायला बसलो तेव्हा माझी खात्री होती की आमचं आक्रमण कमी पडतं. मुली खांबाजवळ सूर मारायला भितात, असं मी गावभर सांगत होतो. चौदा सामने लिहून झाले आणि आक्रमणाचे आकडे ऑगस्टात तालुक्याला जेवढे, तेवढेच ऑक्टोबरात जिल्ह्याला दिसले. घसरण संरक्षणात होती, तीही दुसऱ्या डावात. तालुक्याच्या सामन्यांत आमची पहिली तुकडी दुसऱ्या डावात साडेचार मिनिटं काढायची. जिल्ह्याला तीच तुकडी, त्याच तिघी, दोन मिनिटं चाळीस सेकंदांत बाद. पहिल्या डावात बरोबरी, दुसऱ्यात वाताहत. दर ऑक्टोबरात.

तोवर मी मुलींना कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं. जी आमची सगळ्यात चपळ पळणारी, तिनं काही न बोलता हात पुढं केले. बोटांच्या पेरांना बारीक टोचल्याच्या खुणा, तळहाताला विळ्याच्या मुठीनं आलेले फोड. वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगांची टोकं सुईसारखी असतात, काढणी केलेल्याला ते सांगावं लागत नाही. म्हणाली, "सर, आठ दिस झालं सोयाबीन काढायलोत. पाय उचलंनात." बाकीच्या मुली खाली बघत उभ्या. आणि त्याच आठ दिवसांत मी, जिल्ह्याची तयारी म्हणून, त्यांना पहाटे पाचला उठवून मैदानाला दहा-दहा फेऱ्या मारायला लावत होतो. दिवसभर वाकून काढणी, वरून माझ्या फेऱ्या. पहिला डाव त्या जिद्दीवर काढायच्या, दुसऱ्याला अंगात काही उरायचं नाही. सहा वर्षांचं उत्तर त्या दोन तळहातांवर होतं.

म्हणून वही झाली की खेळाडूंशी बोला. सगळ्यांसमोर नाही, एकेकीशी. "का हरलो?" असं विचारू नका, त्यानं मुली घाबरतात आणि तुम्हाला आवडेल तेच बोलतात. "सामन्याच्या आदल्या चार दिवसांत काय-काय केलं?" असं विचारा. झोप, जेवण, शेतातलं काम, प्रवास, पाळी. शेवटच्या गोष्टीवर पुरुष प्रशिक्षकाशी मुली बोलणार नाहीत. संघाबरोबर एखादी बाई असायलाच हवी, आणि ते विचारायचं काम तिचं.

यानंतर कारण आणि सबब वेगळी करायची. त्याला माझी एक कसोटी आहे. जे कारण सांगितलं जातंय, ते जिंकलेल्या सामन्यांनाही लागू होतं का बघा. "आपलं मैदान मुरमाड आहे, त्यांच्याकडं चांगली माती आहे." मैदान मुरमाड आहेच, पण त्याच मैदानावर सराव करून तालुका जिंकला की नाही? मग जिल्ह्याला हरण्याचं खापर त्यावर फोडता येत नाही. "पंचानं मारलं." एखाद्या सामन्यात मारलंही असेल, पण सहा वर्षं सहा वेगळ्या पंचांनी नाही मारलं. ही कसोटी लावली की दहातली सात कारणं गळून पडतात. उरलेल्या तिनांवर काम करा.

आणखी एक हिशोब एसेंडनवाल्यांकडून घ्यावा असा आहे. तिथं गुणतक्त्यात विजयांबरोबर टक्केवारी असते. आपण वर्षभरात केलेले एकूण गुण भागिले आपल्यावर झालेले गुण, गुणिले शंभर. शंभराच्या वर म्हणजे देणं कमी, घेणं जास्त. हे आपल्या संघालाही करून बघा. टक्केवारी ९८ असून संघ हरत असेल तर तो मोक्याच्या क्षणी चुकतो, सराव तसल्या क्षणांचा हवा. ७० असेल तर पायाच कच्चा आहे. दोन्ही आजारांना एकच औषध देणारे मी खूप पाहिलेत.

प्रशिक्षक बदलावा का? हा प्रश्न गावात सगळ्यात आधी येतो, म्हणून सविस्तर सांगतो. मेलबर्न याच नावाचा एक क्लब आहे, एसेंडनपेक्षाही जुना. ३० जुलै २०११ ला तो जिलाँगकडून १८६ गुणांनी हरला, २३३ विरुद्ध ४७. पाठोपाठ प्रशिक्षकाला काढलं. नवा आणला, त्यालाही २०१३ च्या मधेच घरी पाठवलं. संघ होता तिथंच. मग २०१४ ला पॉल रूस आले, आणि आपल्यानंतर कोण हे आधीच ठरवून, त्या माणसाला हाताशी धरून तयार केलं. २०१७ ला सूत्रं सायमन गुडविनकडं गेली आणि २०२१ ला, तब्बल ५७ वर्षांनी, क्लब अजिंक्य झाला. दुसरीकडं रिचमंड. २०१६ ला तेरावा आला, लोक प्रशिक्षकाच्या नावानं ओरडत होते. क्लबनं कसून आढावा घेतला, डेमियन हार्डविक यांना ठेवलं, त्यांच्या आजूबाजूची माणसं बदलली. पुढच्याच वर्षी ३७ वर्षांचा दुष्काळ संपला. म्हणजे काढणं किंवा ठेवणं यात औषध नाही. हरल्याच्या रागात निर्णय घेऊ नका, एवढं मात्र पक्कं. अंतिम सामन्यानंतर निदान महिनाभर कुणाला काढायचं नाही आणि कुणाला घ्यायचं नाही, असं आम्ही ठरवून टाकलंय.

आता अवघड भाग. कधी कधी रोग मैदानात नसतोच. एसेंडननं १६ अजिंक्यपदं जिंकलेली आहेत. २००० साली तर अख्ख्या हंगामात एकच सामना हरले. पण २००४ नंतर बाद फेरीतला एकही सामना जिंकलेले नाहीत. मध्ये २०१२ चं इंजेक्शनांचं प्रकरण झालं, खेळाडूंना बंदी असलेलं औषध टोचल्याचं. क्लबच्या व्यवस्थेनं सुरू केलेला कार्यक्रम, आणि शिक्षा भोगली खेळाडूंनी. ३४ आजी-माजी खेळाडूंवर २०१६ चा पूर्ण हंगाम बंदी. त्या वर्षी संघ तळाला गेला. मुलगा अजून त्याबद्दल बोलताना आवाज चढवतो, आणि त्याचं बरोबर आहे. वरच्यांनी घाई केली की भरतं खालचं पोर.

आमच्याकडं इंजेक्शनं नव्हती. पण निवडीच्या दिवशी गावातल्या एका वजनदार माणसाचा फोन यायचा आणि बारावं नाव बदलायचं. मी दोनदा ऐकलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या मुलीचं नाव गेलं तिनं पुढच्या वर्षी खेळणंच सोडलं. म्हणून वहीत एक पान निवडीचं ठेवा: कुणाला घेतलं, कुठल्या आकड्यावर घेतलं. कुणी विचारलं तर ते पान पुढं करायचं. फोन आपोआप कमी होतात.

उपाय एका वेळी एकच. आम्ही पहिल्या वर्षी फक्त काढणीचे पंधरा दिवस बदलले. त्या काळात धावणं पूर्ण बंद. संध्याकाळी अर्धा तास, तोही बसून उठण्याचा, खो देण्याचा आणि खांबाजवळच्या वळणाचा. सामन्याआधीचे दोन दिवस मुलीला शेतात नेऊ नका, हे सांगायला मी अकरा घरी गेलो. नऊ घरांनी ऐकलं. दोन घरांत माणसंच कमी होती, तिथं आम्ही चौघं-पाच जण जाऊन एक दिवस सोयाबीन काढून आलो. सल्ला देण्यापेक्षा ते जास्त कामाला आलं.

दुसऱ्या वर्षी ऊसतोडीचा प्रश्न घेतला. दसरा-दिवाळी झाली की तीन-चार मुली आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, आणि पुढच्या स्पर्धांना संघ अर्धा होतो. हे थांबवणं माझ्या हातात नाही. हातात एवढंच की जुलैपासूनच प्रत्येक जागेवर दुसरी मुलगी तयार करायची, आणि तिला ऑगस्टचे सोपे सामने खेळवायचे, मग त्यातला एखादा हरलो तरी चालेल. जी मुलगी जाते तिचं नाव यादीतून काढत नाही. ती मार्च-एप्रिलात परत येते तेव्हा मैदानावर तिची जागा असली पाहिजे.

पहिल्या वर्षी विजय मोजू नका, जो आकडा दुखत होता तो मोजा. आमचा दुसऱ्या डावातला पहिल्या तुकडीचा वेळ दोन मिनिटं चाळीसवरून तीन मिनिटं पन्नासला आला. त्या वर्षी उपांत्य सामना हरलोच, एका गुणानं. गेल्या वर्षी मात्र जिल्ह्याचा अंतिम सामना खेळलो. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, आमचे २०२३ लाही अकरावे आणि २०२४ लाही अकरावेच. वही पाठवा." मी निवडीच्या पानाचा फोटो आधी पाठवला.