एकट्याने दक्षिण ध्रुव: कोकणातून तयारी करणाऱ्यांसाठी मनाचं वेळापत्रक

अंटार्क्टिकाच्या हर्क्युलिस इनलेटवर छोटं विमान तुम्हाला आणि तुमच्या स्लेजला, म्हणजे सामान लादून ओढायच्या घसरगाडीला, उतरवतं आणि उडून जातं. विमानाचा आवाज विरला की कानात फक्त स्वतःचा श्वास आणि वारा उरतो. तिथून दक्षिण ध्रुव सुमारे ११३० किलोमीटर. ८० अक्षांशावरून ९० वर जायचं, जवळपास समुद्रसपाटीवरून २८३५ मीटरवर चढायचं, आणि वारा बहुतेक दिवस समोरून. चांगली तयारी असलेल्या माणसाला ४० ते ५५ दिवस लागतात. एकट्याने, वाटेत मदत न घेता ध्रुव गाठणारे पहिले नॉर्वेचे एर्लिंग कागे, जानेवारी १९९३ मध्ये. पुढच्याच वर्षी, १९९४ च्या डिसेंबरात, नॉर्वेच्याच लिव्ह आर्नेसेन एकट्याने तिथे पोचल्या. दोघांनाही ५० दिवस लागले. आपल्याकडच्या रीना कौशल धर्मशक्तू २००९ मध्ये महिलांच्या तुकडीतून स्कीवर ध्रुवावर गेल्या.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं-मुली या वाटेबद्दल विचारतात तेव्हा प्रश्न बूट, तंबू आणि खर्चाचे असतात. ते सगळं शिकता येतं, विकत घेता येतं. मनाची तयारी मात्र 'तिथे गेल्यावर बघू' म्हणून राहून जाते. ही मोठी चूक आहे. एकट्याच्या मोहिमेत मन कधी वर जाईल आणि कधी खाली येईल, याचा बराचसा अंदाज आधी बांधता येतो, आणि त्याची तजवीज स्टोव्हच्या सुट्या भागांइतक्याच बारकाईने स्लेजमध्ये भरावी लागते.

पहिला आठवडा हिशेबात फसवतो. स्लेज ७० ते १०० किलोची, चढ अंगावर, हात अजून थंडीला सरावलेले नाहीत. दिवसाला ८ ते १२ किलोमीटरच होतात. रात्री तंबूत माणूस ११३० ला १० ने भागतो आणि त्याचा धीर सुटतो. हा भागाकारच चुकीचा आहे. रोज अन्न आणि इंधन मिळून साधारण सव्वा किलो वजन कमी होतं, अंगाला लय सापडते आणि पुढे २० ते २५ किलोमीटरचे दिवस येतात. म्हणून पहिले सात दिवस किलोमीटर मोजायचेच नाहीत, फक्त चालण्याचे तास ठरवायचे: दोन दिवस ६, दोन दिवस ७, मग ८. तळावरच्या, म्हणजे मोहिमेची व्यवस्था पाहणाऱ्या छावणीतल्या, माणसालाही निघण्याआधीच सांगून ठेवा, की या आठवड्यात 'किती झाले?' विचारायचं नाही.

दिवसाच्या आतही एक चढउतार असतो. चालण्याचा एक हप्ता ५० मिनिटांचा, मग ७ ते १० मिनिटं थांबायचं, असे आठ-नऊ हप्ते. पाचव्या-सहाव्या हप्त्यात जग नकोसं वाटायला लागतं, घरची जुनी भांडणं आठवतात, कधी रडू येतं. त्यामागे बहुतेक वेळा मोठं कारण नसतं. थांबल्यावर बोटं गारठतात म्हणून माणूस पिशवी न उघडताच पुढे निघतो, आणि दोन हप्त्यांनी रक्तातली साखर उतरते. दिवसाच्या सुमारे १.१ किलो अन्नातलं निम्मं वाटेत खायचं असतं, म्हणजे दर थांब्याला ६० ते ७० ग्रॅम, भूक असो वा नसो. दिवसाची पिशवी घरीच भरा आणि तुकडे अंगठ्याएवढे करा. उणे २५ ला ओलसर पदार्थ दगड होतो, दात तुटतो. आंबापोळी आणि फणसपोळी आधी कापून न नेल्यास चामड्यासारखी होते. काजू, शेंगदाणे, सुकं खोबरं, तिळाची वडी चांगली चालते. तूप मोठा आधार आहे, पण ते रात्रीच्या गरम जेवणात घालायचं.

आता जे बहुतेक नवखे ऐकत नाहीत ते. खचलेल्या दिवसाइतकाच आनंदाचा दिवसही जपून घ्यावा लागतो. वारा पडतो, ऊन लख्ख, बर्फ टणक, स्लेज मागे आहे हे जाणवतही नाही. सूर्य मावळत नाही, त्यामुळे 'अजून दोन तास' म्हणायला कोणी अडवत नाही. त्या दोन तासांत घाम येतो, थरांचे कपडे आतून भिजतात, तंबू उशिरा लागतो, बर्फ वितळवायला लागणारे दोन-अडीच तास झोपेतून कापले जातात, आणि पुढचे दोन दिवस अंग आणि मन दोन्ही जमिनीला टेकतात. ठरलेल्या तासांपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त चालायचं नाही, असा नियम घरीच लिहून ठेवा. आनंद तंबूत बसून उपभोगा. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तो ओलांडला की त्या रात्री काहीतरी खास खायचं, एवढा सोहळा पुरतो. असे दहा सोहळे मिळतात.

व्हाइटआउट हा वेगळा छळ आहे. आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची होतात, सावली नाहीशी होते, स्कीच्या टोकापुढे उंचवटा आहे की खड्डा तेही कळत नाही. पोटात ढवळतं, तोल जातो. छातीवर बांधलेल्या होकायंत्राकडे पाहत तासन् तास चालावं लागतं. त्यातच सास्त्रुगी, म्हणजे वाऱ्याने कोरलेले बर्फाचे कडक कंगोरे, कधी गुडघ्याएवढे तर कधी कमरेएवढे. स्लेज उलटते, मागे जाऊन सरळ करायची, पुन्हा उलटते. अशा दिवशी अंतर निम्मं होणार हे आधीच धरून चाला, म्हणजे ते अपयश वाटत नाही.

याचा थोडा सराव कोकणात होतो. आषाढ-श्रावणात जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, धुकं उतरलं की वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. होकायंत्रावर दिशा धरून एक-दोन किलोमीटर चालायचं आणि ठरलेल्या जागी किती जवळ पोचलो ते पाहायचं. सडा दिवसा उन्हात आधी पायाखाली घाला, कडे आणि पाण्याने भरलेल्या चिरेखाणी कुठे आहेत ते पक्कं करा, आणि एक माणूस मागे ठेवा. धुक्यात चिरेखाण दिसत नाही.

ताकदीसाठी आणि त्याहून जास्त कंटाळ्यासाठी टायर ओढायचा. सुरुवातीला मोटारीचे दोन जुने टायर पुरतात. टायरला भोक पाडून दोन्ही बाजूंनी वॉशर लावून आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) बसवा. नुसता दोर गुंडाळला तर वाळूने घासून तुटतो. दोर तीन मीटरचा, हार्नेस (ओढायचा पट्टा) कमरेवर, हातात काठ्या. ओहोटीच्या ओल्या वाळूत टायर सहज सरकतो, वरच्या कोरड्या वाळूत जीव काढतो, म्हणून दोन्हीकडे चाला. गुहागरचा लांब किनारा याला उत्तम. पहाटे चारला निघा, कारण इथल्या दमटपणात उन्हात ओढणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. ४५ मिनिटांपासून चार-पाच तासांपर्यंत तीन-चार महिन्यांत वाढवा. निम्मे दिवस गाण्यांशिवाय, फोनशिवाय, त्याच पट्ट्यावर पुन्हा पुन्हा. तिसऱ्या तासाला मन काय बोलतं ते घरी येऊन वहीत लिहा. तीच वाक्यं तुम्हाला ८६ अक्षांशावर भेटणार आहेत, आणि ओळखीची वाटतील. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागर इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. त्या काळात भरतीरेषेच्या वर टायर न्यायचा नाही, पहाटे निघायच्या आधी तिथल्या कासवमित्रांना विचारायचं, आणि प्रखर विजेरी लावायची नाही.

थंडी मात्र कोकणात मिळत नाही आणि तिची बरोबरी शीतगृहात बसून होत नाही. गुलमर्ग किंवा औलीला एक-दोन हिवाळे स्की शिका, हिमालयात गिर्यारोहणाचा पायाभूत अभ्यासक्रम करा, मग नॉर्वेच्या फिन्सेसारख्या ठिकाणी ध्रुवीय प्रशिक्षण, मग तुकडीबरोबर ग्रीनलंड आडवं पार करणं. त्यानंतरच एकट्याचा विचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आपल्याला जवळ असलं तरी त्याचं काम वैज्ञानिक मोहिमांचं आहे. परवान्यासाठी २०२२ चा भारतीय अंटार्क्टिक कायदा आधी वाचा.

अर्धी वाट सरल्यावरचा काळ सगळ्यात लबाड. निम्मं झालं याचा आनंद दोन दिवस टिकतो, आणि मग कळतं की जेवढं सोसलं तेवढंच अजून बाकी आहे, अंग मात्र बरंच झिजलं आहे. दीर्घ एकांतावर लिहिणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी याला 'तिसऱ्या चतुर्थांशाचा' काळ म्हटलं आहे. प्रत्येकाला तो तसाच येतो असं नाही, पण आलाच तर हाताशी काही असावं. ऐकायच्या गोष्टी आणि गाणी पहिल्या २५ दिवसांत संपवू नका, निम्मी कुलूपबंद ठेवा. घरच्यांच्या चिठ्ठ्यांवर तारीख घाला. भाजलेल्या कुळथाच्या पिठाची छोटी पुडी याच काळासाठी राखा. पिठी शिजायला इंधन जास्त लागतं म्हणून ती रोजची नव्हे, पण तंबूत लसणीचा आणि कुळथाचा वास दरवळला की माणूस माणसात येतो.

परत फिरण्याचा निर्णय कधी घ्यायचा, हे घरीच दोन रकान्यांत लिहा. एका रकान्यात मनाची कारणं: कंटाळा, भीती, रडू, 'हे कशासाठी करतोय'. यांवर संध्याकाळी किंवा व्हाइटआउटमध्ये निर्णय घ्यायचा नाही. आधी जाडं जॅकेट, गरम पाणी, जेवण, झोप, आणि सकाळी पुन्हा विचार. दुसऱ्या रकान्यात शरीराची आणि सामानाची कारणं: फोड आलेलं हिमदंशाचं बोट, मांडीवर थंडीने झालेली चिघळणारी जखम, ताप, न थांबणारी पोटदुखी, दोन्ही स्टोव्ह बंद. इथे मनाला विचारायचंच नाही, फोन करायचा. ब्रिटनचे हेन्री वर्स्ली एकट्याने अंटार्क्टिका पार करताना ७१ दिवस चालले, शेवटच्या सुमारे ५० किलोमीटरवर त्यांनी मदत मागितली, आणि जानेवारी २०१६ मध्ये पोटाच्या आतल्या संसर्गाने रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. चिवट माणसाला दुखणं सोसायची सवय असते, म्हणूनच दुसरा रकाना त्याला जास्त लागतो. ब्रिटिश ध्रुवीय मोहीमवीर अर्नेस्ट शॅकल्टन ९ जानेवारी १९०९ ला ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवरून मागे फिरले आणि बरोबरच्या तिघांना जिवंत घेऊन आले.

फोनबद्दल घरी सविस्तर बोला. रोज ठरल्या वेळी तळाला ठिकाण कळवावंच लागतं, आणि फोन चुकत राहिला की शोध सुरू होतो. तळ चिलीच्या वेळेवर चालतो. तिथले रात्रीचे ८ म्हणजे रत्नागिरीत पहाटेचे साडेचार. त्या वेळचा आवाज दिवसातला सगळ्यात थकलेला आवाज असतो. आईने त्यावरून तब्येत जोखू नये, हे तिला आधी समजावा. बोटीवर गेलेल्या माणसांची सहा-सहा महिने वाट पाहिलेली घरं आपल्याकडे आहेत, त्यांना हे लवकर कळतं. आणि सगळ्यात अवघड प्रश्न आधीच सोडवा: मागे घरात काही वाईट घडलं तर तुम्हाला तिथे कळवायचं की नाही? उत्तर कागदावर लिहा, सही करा आणि तळाशी बोलणाऱ्या माणसाकडे द्या.

शेवटचा अक्षांश पार करताना हवा विरळ, थंडी उणे ३० च्या आसपास आणि पाय जड. ध्रुवावरचं संशोधन केंद्र ठिपक्यासारखं दिसू लागतं आणि पुढचे कित्येक तास तेवढंच राहतं. त्या दिवशीही हप्ते आणि थांबे चुकवायचे नाहीत. पोचल्यावर अनेकांना आनंदाऐवजी सुन्नपणा येतो. त्यात काही बिघडलेलं नसतं.

घरी आल्यावर दहा-बारा किलो वजन उतरलेलं असतं, पायाची बोटं काही आठवडे बधिर राहू शकतात, रात्री झोप तुटते, गर्दीचा आवाज बोचतो, आणि उद्या सकाळी उठून कुठल्या दिशेने चालायचं हेच नसल्यामुळे एक पोकळी येते. पहिले पंधरा दिवस डॉक्टर आणि घर, एवढंच ठेवा. गाव वाजतगाजत न्यायला येईल, तो मान आहे आणि तो घ्यावाच. पण परत येणं जानेवारीच्या अखेरीस होतं, तेव्हा सत्काराची तारीख मागणाऱ्यांना शिमग्यानंतरची द्या.