घरच्या संगणकावर एआय मॉडेल रखडतंय? या चुका टाळा

ओलामा किंवा एलएम स्टुडिओ (एआय मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवणारी सॉफ्टवेअर) टाकलं, मॉडेल उतरवलं, आणि उत्तर एकेक शब्द करत येतंय. अशा वेळी प्रोसेसरला दोष देण्याआधी मेमरी तपासा. घोळ बहुधा तिथेच असतो.

मेटाच्या लामा ३.१ चं ८ अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे मॉडेलच्या आतल्या आकड्यांचं) मॉडेल १६ बिटमध्ये सुमारे १६ जीबी जागा घेतं. क्वांटायझेशन म्हणजे हेच आकडे कमी बिटांत साठवणं; क्यू४_के_एम या सुमारे ४ बिटांच्या प्रकारात तेच मॉडेल ५ जीबीच्या आसपास बसतं. ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर हेच घ्यावं. जागा वाचवायला क्यू२ वर (सुमारे २ बिटांवर) मात्र उतरू नका, उत्तरं फार घसरतात. त्यापेक्षा लहान मॉडेल क्यू४ मध्ये बरं.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे मॉडेल एका वेळी किती मजकूर लक्षात ठेवतं त्या मर्यादेत. ती टोकनांत, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांत मोजतात. फाइल ५ जीबीची आहे म्हणजे तेवढ्यावर भागलं, असं होत नाही. संभाषण लक्षात ठेवायला केव्ही कॅशे नावाची वेगळी मेमरी, म्हणजे कॅशे लागतो, आणि या मॉडेलला तो १६ बिटमध्ये दर टोकनामागे १२८ केबी लागतो. ८,१९२ टोकनांना १ जीबी, ३२,७६८ ला ४ जीबी, पूर्ण १,३१,०७२ ला तब्बल १६ जीबी! म्हणजे ८ जीबीच्या कार्डावर ३२ हजारांचा कॉन्टेक्स्ट ठेवला की ५ अधिक ४, हिशेब फसलाच. उरलेला भार साध्या रॅमवर जातो आणि वेग कोसळतो. मॉडेल चालू असताना टर्मिनलमध्ये 'ओलामा पीएस' ही आज्ञा (रोमन अक्षरांत) द्या. '१००% जीपीयू' (म्हणजे सगळं ग्राफिक्स कार्डावर) दिसायला हवं. सीपीयूचा (प्रोसेसरचा) वाटा दिसला, तर कॉन्टेक्स्ट कमी करा.

पण फार कमीही नको. मर्यादा ओलांडली की सुरुवातीचा मजकूर गुपचूप कापला जातो, आणि मॉडेल 'विसरलं' असं वाटतं. मराठीत हे लवकर होतं, कारण देवनागरी मजकुराला तेवढ्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा बऱ्याच मॉडेलांत कितीतरी जास्त टोकन लागतात. मराठी कागदपत्रं वाचून घ्यायची असतील तर ४,०९६ वर भागत नाही, ८,१९२ पासून सुरुवात करा.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर रॅमची एकच पट्टी लावू नका. प्रत्येक टोकनासाठी जवळपास अख्खं मॉडेल रॅममधून वाचावं लागतं. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, म्हणून ५ जीबीच्या मॉडेलवर सेकंदाला ५ टोकनांच्या वर जाता येत नाही. ड्युअल चॅनलमध्ये दोन पट्ट्या लावल्या की ही मर्यादा दुप्पट होते. त्यामुळे १६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेल्या जोडीच्याच खाचांत बसवा.

मोबाइलवरून वापरता यावं म्हणून ओलामाचा पत्ता ०.०.०.० केला असेल, तर राउटरवर ११४३४ हा पोर्ट (ओलामाशी जोडणीची वाट) बाहेर इंटरनेटला उघडू नका. ओलामा पासवर्ड विचारत नाही. बाहेरून लागणारच असेल तर व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी जोडणीतून) जोडा.