सांधा अचानक सुजला तर: जंतू आत आहे की येऊन गेला, हे आधी ठरवा

एकच सांधा, बहुतेकदा गुडघा, एक-दोन दिवसांत सुजून गरम झाला आणि पाय टेकवेना, तर वेगळं काही सिद्ध होईपर्यंत सांध्यात जंतू शिरले आहेत असंच धरा. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप नाही म्हणून थांबू नका. मधुमेही, वयस्कर आणि स्टिरॉइड किंवा मेथोट्रेक्झेट (प्रतिकारशक्ती दाबणारं संधिवाताचं औषध) घेणाऱ्यांना अनेकदा ताप येतच नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा इथला नेहमीचा जंतू. पू साचला की काही दिवसांतच कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) झिजते आणि ती पुन्हा भरून येत नाही.

इथे रक्ताच्या तपासण्यांवर भागत नाही, सांध्यातलं पाणी काढून तपासावंच लागतं. आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. ‘आधी गोळ्या घेऊन बघू’ म्हणून दोन दिवस औषध घेतलं की कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) अनेकदा काही उगवत नाही. मग नेमका कोणता जंतू आणि त्यावर कोणतं औषध, हे अंदाजानेच ठरवावं लागतं. रुग्ण ग्लानीत असेल, रक्तदाब घसरत असेल, तर मात्र रक्ताचं कल्चर घेऊन औषध लगेच सुरू होतं.

पाणी तीन गोष्टींसाठी जातं. पेशी मोजण्यासाठी ईडीटीएची (गुठळी होऊ न देणाऱ्या रसायनाची) जांभळ्या झाकणाची नळी, कारण साध्या नळीत गुठळी होऊन आकडा चुकतो. ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि कल्चरसाठी निर्जंतुक बाटली, शक्य तर ब्लड कल्चरची. स्फटिक बघायला ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. निरोगी सांध्यात दर घन मिलिमीटरला २००पेक्षा कमी पांढऱ्या पेशी असतात; ५०,०००च्या वर गेल्या तर संशय पक्का, पण त्याहून कमी आहेत म्हणून जंतुसंसर्ग नाही असं होत नाही. ग्रॅम स्टेनमध्ये काही न दिसणं हाही दिलासा नव्हे. यूरिक अॅसिडचे स्फटिक सापडले तरी कल्चरची वाट बघा, कारण गाउट (हे स्फटिक साचून येणारी सूज) आणि जंतू एकाच सांध्यात असू शकतात. तोवर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणालाही देऊ देऊ नका. कृत्रिम सांधा असेल तर ज्यांनी तो बसवला त्या सर्जनकडेच जा. कृत्रिम सांध्यात पेशींचे निकष बरेच खालचे असतात, म्हणजे कमी पेशींवरही संसर्ग धरला जातो.

दुसरा प्रकार वेगळा, जंतू येऊन गेल्यानंतरचा. जुलाब किंवा लघवीच्या मार्गाचा संसर्ग होऊन १ ते ४ आठवडे उलटतात आणि मग गुडघा, घोटा सुजतो, टाच दुखते, पायाचं एखादं बोट सॉसेजसारखं फुगतं, डोळे लाल होतात. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, यर्सिनिया, क्लॅमिडिया हे यामागचे जंतू. कल्चरमध्ये मात्र सांध्यातून काही वाढत नाही, कारण सूज ही शरीराच्या प्रतिकाराची असते. म्हणून डॉक्टरांना मागच्या महिन्याभरातला जुलाब आठवून सांगा, लघवीची जळजळ संकोच न करता सांगा. उपचार सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचे. जुलाबानंतरच्या प्रकारात अँटिबायोटिकने सांधा लवकर बरा होत नाही. क्लॅमिडिया सापडला तर औषध जोडीदारालाही द्यायचं. बहुतेकांची सूज ३ ते ६ महिन्यांत उतरते.

५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा दुखून दोन-तीन आठवड्यांनी एक सांधा बरा होता होता दुसरा सुजत असेल, तर तो संधिवाताचा ताप (ऱ्हुमॅटिक फीवर). इथे सांध्यापेक्षा हृदयाच्या झडपांची काळजी मोठी, म्हणून इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) हवाच. निदान पक्कं झालं की बेंझाथीन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर ३ ते ४ आठवड्यांनी, वर्षानुवर्षं. मोठ्यांना १२ लाख युनिट, २७ किलोखालच्यांना ६ लाख. हातपाय दुखतात आणि एएसओ (स्ट्रेप्टोकॉकस जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) वाढलेला आहे एवढ्यावर ही इंजेक्शनं सुरू करणं चूक आहे. एएसओ फक्त इतकंच सांगतो की घशात किंवा इतरत्र स्ट्रेप्टोकॉकस येऊन गेला.

आणि एकच सांधा महिनोन्महिने सुजलेला, फारसा गरम नाही, मांडी बारीक होत चाललेली: आपल्याकडे क्षय आधी आठवावा. पाण्यात जंतू अनेकदा सापडत नाहीत, आतल्या अस्तराचा तुकडा घ्यावा लागतो. तुकडा देताना एक भाग फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं पण जंतू मारणारं द्रावण) आणि एक सलाइनमध्ये जातोय ना, हे विचारून घ्या. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये बुडाला तर कल्चर करता येत नाही आणि पुन्हा तुकडा काढावा लागतो.