डोक्यावरून गेलं ते वटवाघूळ की रातबगळा?

पुण्यात दिवेलागणीला नदीवरून दोन मोठे जीव पोटापाण्यासाठी निघतात: फळं खाणारं मोठं वटवाघूळ आणि रातबगळा. दोन्ही काळेच दिसतात, म्हणून लोक सरसकट "वटवाघळं निघाली" म्हणून मोकळे होतात. मला ते फार खटकतं. नेमकं कुठे बघायचं ते ठाऊक असलं, तर ओळख क्षणात पटते.

आकारावर जाऊ नका. रातबगळ्याचे पसरलेले पंख मीटरभर भरतात, या वटवाघळाचे १.२ ते १.५ मीटर. उंचावर, अंधारात हा फरक कळत नाही.

बंडगार्डनच्या पुलावर संगमाच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उभे राहा. दिव्याच्या खांबापासून लांब. मावळतीच्या उजेडावर आकृती स्वच्छ उमटते. आधी मागची बाजू बघा. रातबगळ्याच्या आखूड शेपटीमागे पाय डोकावतात. या वटवाघळाला शेपूटच नसते, मागे काही लोंबत नाही.

मग पंखाची मागची कड. पक्ष्याची कड सलग, टोकं गोलसर. वटवाघळाची मात्र दर दोन काड्यांमध्ये आत वळलेली. माझी भाची लांबूनच ओरडते, "मावशी, छत्री!" त्या काड्या म्हणजे त्याच्या हाताची लांबलेली बोटं, मध्ये ताणलेली कातडी. वटवाघूळ अगदी डोक्यावरून गेलं, तर तिच्यातून उजेडही झिरपताना दिसतो.

बगळा मान आखडून उडतो, त्यामुळे पुढून जाडसर दिसतो आणि त्यातून चोच निघते. उडता उडता "क्वॉक" अशी खरखरीत हाक आली, तर बघायचीही गरज नाही, रातबगळाच. वटवाघळं कलकलाट करतात तो झाडावर, उडताना सहसा गप्प असतात.

नवखे फसतात ते पाण्यापाशी. खाली झेपावलं म्हणजे बगळाच, असं नाही. वटवाघूळ उडत्या उडत्या पोट पाण्याला टेकवतं आणि नंतर झाडाला लटकून ओली लव चाटतं. तहान भागवायची त्याची हीच रीत. रातबगळा काठावर उतरतो आणि मासा, बेडूक टिपायला तिथेच थांबतो. म्हणून नजर सोडू नका: पाणी शिवून वर गेलं की वटवाघूळ.

बॅटरीचा झोत मात्र कुणावरच मारू नका. हे वटवाघूळ प्रतिध्वनीवर नाही, डोळ्यांवर आणि नाकावर वाट काढतं. त्याचा माग काढायचाच असेल, तर जवळपास उंबर किंवा वड कुठे पिकलाय ते दिवसा बघून ठेवा.