बाजार थंड असताना सांगलीतलं घर कसं विकावं

सांगली-मिरजेत घर विकायला काढलं की सुरुवातीला फोन बरे येतात. मग ते आटतात आणि काही महिन्यांत एजंट त्या घराला 'ते पडून असलेलं' म्हणायला लागतात. मंदीत गिऱ्हाईक असतं, फक्त त्याला घाई नसते. विश्रामबागेत एक, कुपवाड रोडला एक, मिरजेत एक अशी घरं त्यानं बघून ठेवलेली असतात. ज्या घरासाठी त्याला कशावाचून थांबावं लागत नाही, तिथं तो विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, देतो. म्हणून बोर्ड लावण्याआधी त्याला थांबवणाऱ्या गोष्टी एकेक करून संपवायच्या.

आधी कागद

सिटी सर्व्हेचा ताजा उतारा (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. गावभाग, खणभागातल्या जुन्या घरांवर अजून आजोबांचं नाव निघतं. तसं असेल तर वारसनोंद आधी. बहिणींचा विषयही आत्ताच मिटवा. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. 'तिचं लग्न झालंय, ती काही मागणार नाही' हे घरात बोलायला ठीक, खरेदीदाराच्या वकिलाला ते चालत नाही. एकतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, नाहीतर खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या ठरवून घ्या. परगावच्या भावाचं मुखत्यारपत्रही याच वेळी तयार ठेवा. विसार घेतल्यावर भाऊ 'बघू' म्हणाला की व्यवहार तिथंच अडकतो.

सांगलीतला दुसरा मोठा अडसर गुंठेवारीचा. शामरावनगरसारख्या भागांत तुकडे पाडून विकलेल्या जागेवर घरं उभी राहिली. ती नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसेल तर बँका कर्जाला हात आखडता घेतात आणि तुमच्यापुढं फक्त रोख ऐपत असलेला माणूस उरतो. मंदीत असा माणूस भाव पाडूनच मागतो. प्रमाणपत्रासाठी महापालिकेत घालवलेला वेळ त्यामुळं वाया जात नाही.

मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या आणि मूळ खरेदीखत एका फाइलीत लावा. घरावर कर्ज असेल तर किती बाकी आहे त्याचं पत्र बँकेकडून घ्या. फिटलं असेल तर उताऱ्यावरचा बोजा खरंच कमी झालाय का, ते डोळ्यांनी बघा. फिटलेल्या कर्जाचा बोजा वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि विकताना उगवतो.

पुराचं खरं सांगा

'एकोणीसला पाणी कुठवर होतं?' हा प्रश्न येणारच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा शहरात पाणी शिरलं. तुमच्याकडं दोन्ही वेळा आलं नसेल तर जाहिरातीच्या पहिल्या ओळीत तेच लिहा. सांगलीत ते वास्तूच्या दिशेपेक्षा जास्त विकतं.

आलं असेल तर किती फूट आलं आणि नंतर काय केलं ते स्वतःहून सांगा. मीटर आणि स्विचबोर्ड वर घेतले असतील तर दाखवा. खालचा चार फूट पट्टाच तेवढा नव्या रंगाचा असेल, तर गिऱ्हाईक काही न बोलता बघून जातं, आणि समोरच्या किराणा दुकानदाराला विचारून दोन मिनिटांत सगळं काढून घेतं. मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही त्याचा विश्वास राहत नाही. मिळकत पूररेषेच्या कुठल्या बाजूला आहे तेही माहीत करून ठेवा. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि पाडून बांधायच्या विचारानं आलेला हे विचारतोच.

भाव एकदाच, पण नीट

शेजाऱ्यानं काय मागितलं त्यावरून भाव काढू नका. त्याचंही घर अजून विकलेलं नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर तुमच्या भागातल्या अलीकडच्या दस्तांची सूची दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा किमतीसह गोषवारा) बघता येते. तिथले आकडे कधी कधी दबलेले असतात, पण दिशा कळते. दोन एजंटांना 'तुम्ही स्वतः घेतलंत तर कितीला घ्याल?' असं विचारा. त्या उत्तराच्या थोडं वर भाव ठेवा. घासाघिशीला जागा हवीच, पण पंचवीस टक्के फुगवलेल्या भावाला लोक बघायलाही येत नाहीत. मग दर महिन्याला थोडं थोडं उतरवत गेलात की समोरचा आणखी उतरायची वाट बघतो.

रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दरानं होणारी, किंमतही काढून ठेवा. व्यवहार त्याच्या बराच खाली झाला आणि फरक दहा टक्क्यांच्या वर गेला, तर आयकर तुमच्या नफ्याचा हिशेब रेडीरेकनरच्या किमतीवर धरतं. मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जास्त रकमेवर लागतं.

दाखवताना गळती काढलेली, नळ चालू आणि माळा रिकामा असावा, इतकंच. नवं मॉड्युलर किचन बसवू नका, त्याचे पैसे परत येत नाहीत.

गिऱ्हाईक कुठलं, ते ओळखा

मिरजेत दवाखान्यांमुळं डॉक्टर आणि कर्मचारी फिरते असतात. वालचंद कॉलेजच्या आसपास भाड्याचं उत्पन्न बघून घेणारे भेटतात, त्यांना चालू भाडं सांगा. तासगाव-कवठेमहांकाळचे द्राक्ष बागायतदार बेदाण्याचे पैसे आले की मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर बघतात. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर विखुरलेले असतात आणि सणाला, लग्नसराईला गावी आले की जागा बघतात. त्यामुळं गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया आणि दसरा-दिवाळी हे दिवस धरा. पितृपंधरवड्यात जाहिरातीचे पैसे घालू नका.

दलाली आधी ठरवा, लिहून घ्या.

विसार ते खरेदी

विसार चेकनं किंवा ऑनलाइन घ्या. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेता येत नाही, आणि तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, बसतो. विसारपावतीत उरलेली रक्कम कधी, कर्ज नामंजूर झालं तर विसाराचं काय, हे लिहा. खरेदीदाराचा वकील पेपरात हरकती मागवणारी जाहीर नोटीस देईल. ती मुदत धरूनच तारीख ठरवा. किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो, त्याचा दाखला मागून घ्या.

घर दोन वर्षांहून जास्त ठेवलं असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक धरून वीस टक्क्यांचा पर्यायही निवासी (आयकराच्या दृष्टीनं भारतात राहणाऱ्या) व्यक्तीला मिळतो. दोन्ही हिशेब सीएकडून विसाराआधी करून घ्या, कारण हातात काय उरणार हे कळल्याशिवाय शेवटचा भाव ठरवता येत नाही. दुय्यम निबंधकाकडं दस्त झाल्यावर किल्ली द्या, आणि वीजमीटर व घरपट्टीच्या नावबदलाचे अर्ज त्याच दिवशी खरेदीदाराकडून भरून घ्या; नाहीतर थकबाकीची नोटीस तुमच्या नावानं येत राहते.