संशोधन संस्थांमध्ये समव्यावसायिकांचा गट बांधताय? या चुका टाळा

संचालकांनी सामंजस्य करारावर सह्या केल्या, शाली दिल्या, फोटो निघाले, की सहकार्य सुरू झालं असं मानायची आपल्याकडे रीत आहे. पहिली चूक हीच. करारातून निधी आणि परवानग्या मिळतात. यंत्रातला व्हॅक्यूम का टिकत नाही हे विचारायला फोन कुणाला लावायचा, ते करारात नसतं. ते कळतं समव्यावसायिकांच्या गटात, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांत एकाच प्रकारचं काम करणाऱ्या, एकमेकांना अडचणी विचारणाऱ्या माणसांत.

एपिक्सचं उदाहरण घ्या. कणांना वेग देणारी त्वरकं आणि दुर्बिणी चालवणारं हे नियंत्रण सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या लॉस अलामॉस आणि अरगॉन प्रयोगशाळांतल्या अभियंत्यांनी मिळून वाढवलं, कारण दोघांचं दुखणं एकच होतं. २००४ मध्ये ते खुल्या परवान्याखाली आलं. आज फ्रान्समधला ईटर हा अणुसंमीलन प्रकल्प ते वापरतो, गुरुत्वीय लहरी टिपणारं अमेरिकेतलं लायगोही वापरतं.

दुसरी चूक जास्त महागात पडते: बैठकीत फक्त यशाच्या स्लाइड दाखवणं. लायगोच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन वेधशाळांत पाळीवरची माणसं इलेक्ट्रॉनिक नोंदवही लिहितात. लॉक (आरसे आणि लेझर नेमके जुळून राहण्याची स्थिती) कधी तुटला, कुणी काय करून पाहिलं, काय जमलं नाही, सगळं. ही वही बाहेरच्यांनाही वाचता येते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. पुणे, इंदूर, गांधीनगर, मुंबई अशा चार ठिकाणच्या संस्था त्यात आहेत. त्यांच्यातल्या नव्या अभियंत्यानं आधी या नोंदी वाचाव्यात, शोधनिबंध नंतर. आपल्या तिमाही अहवालात मात्र ‘काम प्रगतिपथावर’!

तिसरी चूक म्हणजे फक्त शास्त्रज्ञांना बोलावणं. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तारांची जाळी आणि सर्व्हो (अँटेना फिरवणारी यंत्रणा) यांची नस ती रोज हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला जितकी कळते, तितकी प्रवासभत्त्याच्या यादीत वर असलेल्यांना कळेलच असं नाही. त्याचंही तिकीट काढा.

गट थंडावला असेल तर नवा लोगो नको. आधी बघा, प्रश्न विचारतंय कोण? फक्त ज्येष्ठच बोलत असतील तर विभागप्रमुखांना काही महिने बाहेर ठेवा. पोरं साहेबासमोर ‘मला हे येत नाही’ म्हणत नाहीत. आणि गट सांभाळणाऱ्याचे आठवड्यातले काही तास त्याच्या वार्षिक मूल्यमापनात धरा. ते झालं नाही, तर पुढच्या डेडलाइनला पहिला बळी या गटाचाच जातो.