टूर ठेवायची का कॅन्सल करायची, ठरवायचं कसं

सोयाबीन विकलं, कापसाची पहिली वेचणी झाली का आपल्याकडं गावागावात टूरच्या गोष्टी निघतात. कोणी वैष्णोदेवी-काश्मीर म्हटलं रे म्हटलं का घरचे म्हातारे लगेच, "काहून जाता बाप्पा तिकडं मराले?" त्यांचंही चूक नाही. पहलगामजवळ बैसरनमध्ये 22 एप्रिल 2025 ले 26 लोकं मारले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले 6 होते. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये रियासीत यात्रेकरूंच्या बसवर गोळीबार झाला, तीही वैष्णोदेवीच्या पायथ्याच्या कटऱ्याकडंच जात होती.

तर पहिलं काम, जिल्ह्याचं नाव ऐकून ठरवू नका, नकाशा उघडा. पुण्या-मुंबईचे पाहुणे 'गडचिरोली' ऐकलं का ताडोबाची सफारी कॅन्सल करतात, अन ताडोबा आहे चंद्रपुरात! मार्कंड्याचं देऊळ गडचिरोलीतच आहे पण महाशिवरात्रीले तिथं पाय ठेवाले जागा नसते. आपण मात्र काश्मीरच्या बाबतीत तेच करतो राजेहो.

दुसरं म्हणजे तारीख पाहा. आपल्याकडच्या लोकांले माहीत होतं का 28 जुलै ते 3 ऑगस्ट नक्षल्यांचा शहीद सप्ताह असते, तेव्हा गडचिरोलीतल्या भामरागडकडं आत कोणी उगाच जात नव्हतं. 2019 च्या 1 मे ले गडचिरोलीतल्याच जांभुळखेड्यात नक्षल्यांनी स्फोट केला, 15 जवान अन ड्रायव्हर गेले, तेव्हाची भीती खरी होती. पण ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षल्यांचा मोठा नेता भूपतीनं 60 साथीदारांसोबत गडचिरोलीत सरेंडर केलं, म्हणजे जुन्या बातमीवर आजची टूर ठरवून चालत नाही. भामरागडले जायचं असन तर पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर पहिले विचारा, रस्ता तोच बंद करते.

आता विचारायचं कोणाले? व्हॉट्सॲपवरच्या काकाले तर नाहीच. हॉटेलवाला 'सब ठीक है, आ जाओ' म्हणणारच, त्याचा धंदा आहे. त्यापेक्षा तिथल्या एखाद्या गाडीवाल्याले फोन लावा अन बारीक बारीक विचारा: काल मार्केट किती वाजता बंद झालं, रस्त्यात चेकिंग किती ठिकाणी आहे, कोणते स्पॉट बंद आहेत. पहलगामनंतर तिथल्या सरकारनं 87 पैकी 48 ठिकाणं बंद केली होती, मग जूनपासून टप्प्याटप्प्यानं उघडली. पॅकेजमध्ये लिहिलेला स्पॉट खरंच उघडा आहे का हे आधी कळलं तर पैशाची भांडणं होत नाहीत. अन हो, बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, ग्रुपमध्ये निदान दोघांकडं पोस्टपेड पाहिजेच, नाहीतर घरचे इकडं रडून रडून गाव गोळा करतात.

पैसे एकदम देऊ नका. टूरवाल्याकडून लिहून घ्या, हल्ला झाला, बंद झाला तर किती परत. इन्शुरन्स काढला तर दहशतवादाचं नुकसान त्यात धरते का तेवढी ओळ शोधून वाचा, बऱ्याच पॉलिसीत ते वगळलेलं असते. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं बुकिंग फक्त आयआरसीटीसीच्या साईटवरून करा, बाकी नकली साईट खूप आहेत, फसलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरले फोन लावा.

अन एवढं दहशतवाद दहशतवाद करता, पण माणूस लुटल्या जाते तो रेल्वेत. गाडी स्टेशनात हळू झाली का खिडकीतून हात येते अन गळ्यातली पोत ओढून पसार. पोत काढून आतल्या कपड्यात शिवून ठेवा, नगदी तीन जणांकडं वाटा, रात्री बॅगले साखळी लावा. काही गेलंच तर पुढच्या स्टेशनची वाट पाहू नका, रेल्वेच्या 139 ले फोन लावा, टीटीईकडं तक्रारीचा फॉर्म असते तो गाडीतच भरा. रस्त्यावर काही झालं तर 112.

निघायच्या आधी सगळ्यांची नावं, तिकिटाचा फोटो, ड्रायव्हरचा नंबर अन मुक्कामाच्या तारखा एका कागदावर लिहून पोलीस पाटलाकडं देऊन ठेवा, अन रोज रात्री एकानंच फोन करायचा, कोण करणार ते गाडीत बसायच्या आधीच ठरवा.